श्रद्धेचे कोरडे दिवस



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो महागाईभत्ता, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार असे श्रोते धरूनच चालतात. तसे बोललो असतो तर मला कोणी अडवले नसते. परंतु चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली आणि मी असा विषय घेतला की ज्याची वाच्यता देवळातही सहसा होत नाही, मग युनियनच्या कचेरीत कुठली होणार! प्रार्थना करणाऱ्या माणसाला एक दिवस प्रार्थनेत काहीच जाणवेनासे होते. शास्त्र उघडले तर अक्षरे दिसतात, अर्थही लागतो, पण आत काही हलत नाही. हे एक-दोन दिवसांचे असते तर प्रश्न नव्हता. ते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. त्या दिवसांविषयी मला बोलायचे आहे.

मी जन्माने आणि मतानेही ख्रिस्ती आहे, म्हणून उदाहरणे त्या घरातली देईन. ज्यांचे घर वेगळे आहे त्यांनाही ही अवस्था परकी वाटणार नाही. देवाच्या अबोल्यावर तुकोबांइतके रागावून मराठीत कोणी बोलले असेल असे मला वाटत नाही. मी धर्मगुरू नाही, पंडित तर नाहीच. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रपाळीच्या मधल्या सुटीत. तेव्हा सभेत कोणी ईशशास्त्राचे जाणकार बसले असतील तर त्यांनी माझ्या शब्दांचा कीस काढू नये, मुद्दा तेवढा पाहावा.

नगर जिल्ह्यात कोरडेपणा म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे धो धो कोसळणारा पाऊस पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे येईपर्यंत दमून जातो. 1972 चा दुष्काळ पाहिलेली, खडी फोडलेली आणि सुकडी खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. अशा मुलखातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. विहीर कोरडी पडली म्हणजे पाणी गेलेच असे नाही. कधी भूगर्भातलेच पाणी खाली गेलेले असते. तिथे वाट पाहण्यावाचून इलाज नाही. पण कधी पाणी असते आणि वर गाळ साचून झरे बुजलेले असतात. त्या विहिरीवर नवस करून उपयोग नाही, आत उतरावे लागते. दोन्ही विहिरी वरून डोकावून पाहिल्या तर सारख्याच दिसतात. माझ्या आजच्या बोलण्यातला सगळा मुद्दा एवढाच आहे, बाकीचा त्याचा विस्तार.

बायबलमध्ये उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक गोष्ट आहे. त्याच्या बापाने, म्हणजे अब्राहामाने, खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना ठेवली. मग तिथल्या गुराख्यांनी पाणी आमचे म्हणून भांडण काढले. त्याने दुसरी विहीर खणली, तिच्यावरही भांडण. तिसरीवर तेवढी शांतता मिळाली. भंडारदऱ्याच्या आणि मुळेच्या पाण्यावरून जायकवाडीशी वर्षानुवर्षे चाललेला वाद ज्यांनी पाहिला त्यांना ही गोष्ट हजारो वर्षांपूर्वीची वाटणार नाही. मला तिच्यात महत्त्वाचे वाटते ते असे, की विहिरी आपोआप आटल्या नव्हत्या, त्या माणसांनी बुजवल्या होत्या.

आमच्याकडे श्रद्धा आली तीच मुळी दुष्काळाच्या सावलीत. अमेरिकन मिशनचे लोक नगरला 1831 साली आले. पण खेड्यापाड्यांतून मोठ्या संख्येने माणसे ख्रिस्ती झाली ती 1876 ते 78 च्या भयंकर दुष्काळानंतर, आणि त्यांत बहुतेक महार आणि मांग समाजातली होती. म्हणून आम्हांला ‘पोटासाठी ख्रिस्ती झालेले’ हा टोमणा लहानपणापासून ऐकावा लागला. मला त्या टोमण्याचा पूर्वी राग येई, आता येत नाही. भाकरी आणि श्रद्धा यांची फारकत करणे पोट भरलेल्यांना परवडते. ज्या माणसाला गावाने पाणवठ्यावर चढू दिले नाही त्याला कोणी जवळ बसवून जेवू घातले आणि त्यात त्याला देव दिसला, तर त्याने देव चुकीच्या ठिकाणी पाहिला असे मी तरी म्हणणार नाही. परंतु हेही खरे की जी श्रद्धा दुसऱ्याच्या ओंजळीने प्यालो, तिची विहीर पुढच्या पिढीला स्वतः खणावी लागते. ती खणली नाही तर दोन-तीन पिढ्यांत देऊळ उरते, रजिस्टर उरते, नाताळ उरतो, आणि बाकीचे वर्ष कोरडे जाते.

याचे सर्वांत प्रामाणिक वर्णन मला सापडले ते पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनात. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्या अमेरिकेला गेल्या, तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, निधी उभा केला आणि 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. बाहेरून पाहणाऱ्याला एवढे भरलेले आयुष्य दुसरे दिसायचे नाही. आणि या बाई पुढे काय सांगतात? की त्या आठ वर्षांत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्माची शिकवण पटली होती, आचार चालू होता, विद्वत्ता तर अफाट. पण ज्याच्यासाठी हे सारे तो अजून परकाच होता. 1891 च्या सुमारास त्यांना ही उणीव कळली आणि तिथून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

मी संघटनेचा माणूस, मला हे फार जवळचे वाटते. कचेरीत माणसांची रीघ लागलेली आहे, टेबलावर अर्जांचा ढीग आहे, मोर्चे निघताहेत, आणि ज्या रागातून व प्रेमातून हे काम सुरू झाले ते दोन्ही कधी संपले याचा पत्ता नाही, अशी कचेरी मी पाहिली आहे. कोरडेपणा रिकाम्या माणसालाच येतो ही समजूत चुकीची आहे. काम हे त्याला झाकण्याचे उत्तम साधन आहे.

पुढे 1905 साली रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रडत, ओरडत, तासन्‌तास प्रार्थना करीत. (केडगाव म्हटले की आपल्याला वेशीबाहेरचे केडगाव आठवते, हे ते नव्हे, दौंडकडचे.) अशा उमाळ्यांविषयी मी स्वभावाने जरा साशंक आहे. संपाच्या पहिल्या दिवसाच्या घोषणा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. एकविसाव्या दिवशी किती जण फाटकावर उभे आहेत हे मी मोजतो. पण रमाबाईंच्या बाबतीत एकविसावा दिवसही दिसतो. त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या, अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करीत बसल्या, आणि आश्रमातल्या मुलींच्या हातांनी छपाईचे काम चालवले. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. भाषांतर पुरे करूनच त्या एप्रिल 1922 मध्ये गेल्या. तो उमाळा खरा होता की नाही याचा निवाडा मला खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींकडे पाहून करावासा वाटतो.

आता आपल्या नगरकडे येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आले आणि आयुष्याची वीस-बावीस वर्षे त्यांनी इथे काढली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेत आपण त्यांना ओळखतो. त्या ओळखीत त्यांचे अर्धे माणूसपण झाकले जाते. हा गृहस्थ इथे आला तेव्हा त्याला काय दिसले? उपासनेत परक्या चाली, परक्या भाषेतून उचललेली गीते, आणि मिशनच्या पगारावर चाललेले पाळक व प्रचारक. भक्ती नव्हती असे नाही, पण ती मराठी माणसाच्या गळ्यातून निघत नव्हती. टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले होते. टिळकांनी तीच वाट रुंद केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते उघड सांगत. अभंग, ओवी, भजन ही आपली जुनी विहीर. तिच्यात उतरून त्यांनी येशूला मराठीत हाक मारली. आजही जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात, ख्रिस्ती घरात मयत झाले तर रात्री जी भजने म्हणतात त्यांत टिळकांची असतातच. म्हणणाऱ्याला कवीचे नावही ठाऊक नसते. कवीला याहून मोठा सन्मान मिळू शकतो का, मला माहीत नाही.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते 1917 साल. टिळक तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. पंचावन्न म्हणजे आमच्या कामगारांत फंडाचा हिशेब लावण्याचे, गावाकडच्या घराची कौले बदलण्याचे वय. टिळक मान्यवर पाळक होते, 1842 साली याच नगरमध्ये निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू सांभाळत होते, भजनकार म्हणून नाव झाले होते. अशा वेळी त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूला मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तिथे बंधू म्हणून यावा अशी कल्पना होती. पुष्कळ मिशनऱ्यांना ती झेपली नाही, आणि आपल्याही लोकांना झेपली नाही. मे 1919 मध्ये टिळक मुंबईत वारले. जेमतेम पावणेदोन वर्षे. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही.

तेव्हा व्यवहाराच्या हिशेबाने तो प्रयोग फसला असे म्हणावे लागेल. फसलेल्या संपाबद्दल मी जे म्हणतो तेच इथेही म्हणेन: मागण्या बरोबर होत्या. गाळ कुठे साचला आहे हे टिळकांनी अचूक दाखवले होते. दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या चालीवर उभी असलेली भक्ती सुकते, ही त्यांची तक्रार अजून निकालात निघालेली नाही.

लक्ष्मीबाईंची विहीर निराळी होती. ‘स्मृतिचित्रे’ या सभेतल्या बहुतेकांनी वाचली असतील. ज्यांनी वाचली नसतील त्यांचा मला हेवा वाटतो, कारण त्यांचा तो आनंद शिल्लक आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा या बाईचे जग कोसळले. काही वर्षे ती नातलगांच्या आश्रयाला राहिली, मग लेकराला घेऊन नवऱ्याकडे आली. पण सोवळे सोडायला तयार नव्हती. तिचे पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही, ही त्या विक्षिप्त माणसाची मोठीच गोष्ट. मग एक दिवस तिने एकटीनेच बसून विचार केला, की जात ही देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाल्यावर तिने कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी शिवाशिव गेली, मग देव आला. प्रवचन ऐकून तिचा झरा मोकळा झाला नाही, दुसऱ्याच्या हातचे पाणी पिऊन झाला. पुढे नगरमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा याच बाईने केली, जिने एकेकाळी सावलीचा विटाळ मानला होता.

आणि इथे थोडे कडू बोलतो. आमच्या देवळांत जात मेलेली नाही. सोयरीक जुळवताना ती जागी होते, मंडळीची निवडणूक आली की जागी होते. आणि मग तीच माणसे पाळकांना विचारतात, हल्ली उपासनेत गोडी का वाटत नाही? गाळ विहिरीत आपणच टाकतो आहोत, मग झऱ्याला दोष कसला देता?

एवढे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक कोरडेपणा हा माणसाचाच दोष. तसे मी मुळीच म्हणत नाही. दुसऱ्या प्रकारची विहीर मी सुरुवातीलाच सांगितली. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली पुस्तकरूपाने निघाली आणि जग चकित झाले. ज्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून लोकांना देव आठवे, तिला स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षे देवाचे सान्निध्य जाणवले नव्हते. मधला अगदी थोडा काळ सोडला तर आत नुसता अंधार. वर्तमानपत्रांनी ‘संत की ढोंगी’ असे मथळे शोभतील अशा चर्चा केल्या. त्या चर्चांत एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली गेली नाही, आणि ती महाराष्ट्राशी जोडलेली आहे. या अंधाराचा अर्थ लावायला मदर तेरेसांना ज्यांनी मदत केली ते योसेफ नॉयनर पुण्यात ईशशास्त्र शिकवणारे ऑस्ट्रियन जेसुइट होते. 1961 च्या सुमारास मदरनी त्यांच्यापाशी मन मोकळे केले. त्यांनी काय सांगितले? एक, यावर माणसाच्या हातात उपाय नाही, तेव्हा स्वतःला दोषी धरू नका. दोन, देव जाणवणे हाच तो असल्याचा पुरावा नव्हे. त्याच्यासाठी तुम्ही एवढ्या तळमळता ही तळमळच त्याची खूण आहे. आणि तिसरे, हा अंधार तुमच्या कामाचाच भाग समजा, कारण ज्यांची तुम्ही सेवा करता ती टाकलेली माणसेही याच अंधारात आहेत. हे ऐकल्यावर अंधार गेला नाही. पण त्याच्याशी त्यांचे भांडण मिटले.

गाळ कोणता आणि खाली गेलेले पाणी कोणते, हे ओळखायचे कसे? माझ्यापाशी शास्त्र नाही, एक ओबडधोबड खूण आहे. तहान शिल्लक आहे का ते पाहावे. कोरडे वाटते आणि त्याचे काहीच वाटत नाही, तर बहुधा गाळ आहे. आपण दुसऱ्याच कशाने तरी भरलेले आहोत. कोरडे वाटते आणि त्याने जीव कासावीस होतो, तर पाळक, मित्र किंवा स्वतःचे मन यांपैकी कोणीही त्या माणसाला अपराधी ठरवू नये.

आमच्या संघटनेतला एक जुना सभासद आहे. नाव घेत नाही, त्याला ते आवडायचे नाही. त्याचा साखर कारखाना बंद पडला आणि कित्येक वर्षांचे देणे थकले. गावातल्या छोट्या देवळाची किल्ली त्याच्याकडे असे. तो मला म्हणाला, “भाऊ, माझी प्रार्थना केव्हाच बंद झाली. देवाला माझी पगारपावती दिसत नाही का?” मी म्हटले, “मग देवळात का जातोस?” तर म्हणाला, “किल्ली माझ्याकडे आहे ना. मी उघडले नाही तर म्हाताऱ्या बाया बाहेर उभ्या राहतील.” मी त्याला उपदेश केला नाही. त्याच्या देण्याचा दावा लावला, कारण पगारपावतीचा प्रश्न कामगार न्यायालयात सोडवायचा असतो, तो देवाच्या गळ्यात घालून मालकाला मोकळे सोडायचे नसते. काही पैसे मिळाले. पैशाबरोबर श्रद्धा परत आली का? नाही आली. तो किल्ली घेऊन जात राहिला.

मग 2021 चा एप्रिल-मे आला. कोरोनाची दुसरी लाट आपण सगळ्यांनीच पाहिली आहे, तिचे वर्णन नको. गावात मयतीला नातलगही येईनात. खड्डा खणायला हा आणि दोन तरुण पोरे. पाळक स्वतः आजारी. मला तो नंतर म्हणाला, “स्तोत्र म्हणायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी म्हणत होतो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ध्यानात आले की मी ते ऐकतोही आहे.” याहून जास्त तो काही बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.

संघटनेतले माझे एक कॉम्रेड मित्र, पक्के निरीश्वरवादी, हे ऐकून म्हणाले, “यात देव कुठे आला? माणसाने माणसाला मूठमाती दिली, त्याला बरे वाटले.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते स्वतः त्या दिवसांत ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावरून वाहत होते. अशा माणसाला देवाविषयी धडे देण्याचा अधिकार माझा नाही. एवढेच विचारले, की त्या माणसाला बरे वाटायला आपण सगळ्यांनी याआधी काय थोडे प्रयत्न केले? पैसे मिळवून दिले, जेवायला बोलावले, यात्रेला नेले. हरेगावच्या मतमाउलीच्या गर्दीतही तो कोरडाच उभा होता. मित्र हसले आणि चहा मागवला.

वेळ होत आली आहे. लक्ष्मीबाईंचे एक राहिले, ते सांगतो आणि थांबतो. टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, म्हणजे ‘ख्रिस्तायन’, लिहायला घेतले होते. सुरुवातीचे दहाएक अध्याय झाले आणि ते गेले. मागे उरली विधवा बायको. लिहिणे-वाचणे लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेली, पैशाची चणचण, मुंबईत वसतिगृहावर देखरेखीची नोकरी, पुढे मुलाबरोबर कराची, मग परत नाशिक. तिच्या आत त्या काळात ओलावा होता की कोरड, हे तिने फारसे सांगितलेले नाही. स्वतःविषयी सांगताना ती हसू आणते आणि निसटते. पण अर्धी राहिलेली ती पोथी तिने उघडली, आणि नवऱ्याने जिथे सोडले होते तिथून पुढे, साठांहून अधिक अध्याय, ओवीमागून ओवी लिहून ती पूर्ण केली. 1936 साली ती गेली.